मिसरूड फुटलेल्यांसाठी वर्गणी

नमस्कार श्रोतेहो. कॅन्सरच्या पेशंटसाठी वर्गणीचा डबा घेऊन फिरणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते. डब्यावर केस गेलेल्या चार वर्षांच्या मुलीचा फोटो असला, की डबा भरतो. त्याच जागी मिसरूड फुटलेला एकोणीस वर्षांचा पोरगा असला, की लोक पुढे निघून जातात. आजार दोघांचा एकच असला, तरी हेच होतं. मला आज बोलायचंय ते या पोराबद्दल.

परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून उभं आहे. देशभरातून कॅन्सरचे पेशंट तिथं येतात. येण्याजाण्यासाठी रेल्वे पेशंटला स्लीपरचं तिकीट फुकट देते. खरा खर्च गाडीतून उतरल्यावर सुरू होतो. कोवळ्या वयात सगळ्यात जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचे, म्हणजे ए.एल.एल.चे (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे), उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. किमोनं रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, मग साधा ताप आला तरी धावत दवाखाना गाठावा लागतो. म्हणून मुक्काम जवळच हवा, तोही स्वच्छ. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, पण तिथं तरी किती जणांनी मावायचं? सेंट ज्यूडची केंद्रं २००६ पासून मोफत राहायला देतात, पण ती लहान मुलांच्या कुटुंबांसाठी. आपला एकोणीस वर्षांचा पोरगा तिथं बसत नाही. कधी कधी तर घरात कमावणारा तोच असतो.

आणखी एक खर्च आहे. तो सांगितला, की मंडळाच्या बैठकीत माना खाली जातात. काही औषधांमुळे पुढं मूल होण्याची शक्यता कमी होते. त्यामुळे किमो सुरू होण्याआधी मुलाचं वीर्य गोठवून ठेवता येतं. मुलींसाठीही उपाय आहेत, ते अधिक महाग. वेळ मोजक्या दिवसांची असते आणि साठवणुकीचे पैसे दर वर्षी भरावे लागतात. यासाठी वर्गणी मागणारा मला अजून तरी भेटलेला नाही. मागायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोटोबद्दलही बोलतो. ऑनलाइन मदतीचं आवाहन उपचार संपल्यावरही तसंच राहतं. पोरगा बरा होतो, नोकरीच्या मुलाखतीला जातो, आणि समोरच्यानं त्याचं नाव शोधलं की त्याचा नळ्या लावलेला चेहरा वर येतो. तेव्हा फोटो टाकण्याआधी त्याला विचारा. आईवडिलांनी हो म्हटलं, एवढ्यावर थांबू नका.

लालबाग-परळच्या मंडळांना एक विनंती. उत्सवात एकाच दिवशी मोठं रक्तदान होतं, ते उत्तमच. पण रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, आणि पेशंटला त्या वर्षभर लागतात. दात्यांची यादी महिन्यांवर वाटून घ्या.

देणगी दिलीत तर पावती घ्या. दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर मुळीच नाही. ओळखीचा पेशंट असेल तर त्याचा केस नंबर घ्या आणि पैसे हॉस्पिटलमध्येच त्याच्या नावे भरा. जेवणाचा डबा देणार असाल तर गरम, ताजा द्या. कोशिंबीर नको, कच्च्यातून संसर्गाची भीती असते. आणि पोराला काय खावंसं वाटतंय, ते त्यालाच विचारा. किमोत तोंडाची चव रोज बदलते.