आधी पाणी, मग मासे

नमस्कार. समुद्री मासे पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी म्हटलं की डोळ्यांसमोर येते भिंतभर काच, खाली घरघरणारी यंत्रं आणि न झेपणारा खर्च. आज मी ४० ते ६० लिटरच्या टाकीबद्दल बोलणार आहे, आणि तीही हिशेबानं खर्च करणाऱ्यांसाठी. मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकते. ज्या खर्चानं पाणी चांगलं राहतं, तिथे हात आखडता घेऊ नका. बाकी जवळजवळ सगळीकडे काटकसर चालते.

थोड्या साधनांत समुद्री जीव पाळणं आजचं नाही. १८४६ साली अॅना थिन नावाच्या बाईंनी लंडनमध्ये आपल्या घरी जिवंत प्रवाळ ठेवले होते. वीज नाही, पंप नाही. त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायची, म्हणजे त्यात हवा मिसळायची. पुढे १९६१ साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत जगापुढे मांडली. समुद्रातला जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे, बस्स. आपली स्वस्त टाकी याच वाटेनं जाते, कारण सच्छिद्र खडक हाच आपला फिल्टर. त्याच्या छिद्राछिद्रांत जिवाणू राहतात आणि माशांची घाण पचवतात. ओला, जिवंत खडक महाग मिळतो. कोरडा खडक स्वस्त असतो आणि काही महिन्यांत तोही जिवंत होतो. ज्याच्याकडे जुनी, निरोगी टाकी आहे त्याच्याकडून मूठभर वाळू किंवा खडकाचा एक तुकडा मिळाला, तर तेवढं विरजण पुरतं.

टाकी जुनी घ्यायला हरकत नाही. फक्त आधी काय ठेवलं होतं ते विचारा. माशांच्या औषधांत कधी कधी तांबं असतं, आणि खेकडे, गोगलगायी, प्रवाळ यांना ते अगदी थोडं असलं तरी सोसत नाही. घरी आणल्यावर दोन-तीन दिवस साधं पाणी भरून गळते का ते बघा. आणि खालचं टेबल भक्कम हवं, कारण ६० लिटरची टाकी खडक-वाळूसकट ८० किलोच्या वर जाते. लहान टाकी स्वस्त पडेल म्हणून दहा-पंधरा लिटरची घेऊ नका. थोड्या पाण्यात सगळं झपाट्यानं बिघडतं, सावरायला वेळच मिळत नाही.

आता पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट, कधी तांबंही असतं, म्हणून आरओचं किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्यायचं. मीठ मात्र मत्स्यालयासाठी बनवलेलंच हवं. समुद्राच्या मिठात सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के. उरलेल्या १५ टक्क्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे येतं, आणि तेच स्वयंपाकघरातल्या मिठात नसतं. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं. म्हणजे ५० लिटरला दोन किलोच्या थोडं आत. पण खरा हिशेब पुढे आहे. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे पाच लिटर, म्हणजे सुमारे १८५ ग्रॅम मीठ. वर्षाचं साडेनऊ किलोच्या आसपास होतं. टाकी घेण्याआधी हा वर्षाचा खर्च मांडून बघा. बऱ्याच टाक्या सुरुवातीच्या खर्चामुळे नाही, या आठवड्याच्या खर्चाला कंटाळून बंद पडतात.

क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाचं साधन घ्या. पैसे इथे घाला. समुद्राची क्षारता लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६. यंत्र अधूनमधून ३५च्या प्रमाणित द्रावणावर लावून बघायचं.

याची किंमत मला एका माशानं शिकवली. माझी पहिली टाकी ४० लिटरची होती. उन्हाळा होता, रोज अर्धा लिटर पाणी उडून जायचं. पातळी खाली गेलेली दिसली की मी मिठाचं पाणी ओतायची, कारण टाकी समुद्राची, तर पाणीही खारंच हवं असं मला वाटायचं. पण उडून जातं ते फक्त पाणी. मीठ मागेच राहतं. आठवड्याला साडेतीन लिटर खारं पाणी म्हणजे १२० ग्रॅमपेक्षा जास्त मीठ वाढत गेलं. तीन आठवड्यांत ३५चं ४४ झालं. मासा तळाशी बसून जोरजोरात कल्ले हलवत होता, आणि मी त्याला खायला घालत होते. तो गेला तेव्हा माझ्याकडे मोजायचं साधन नव्हतं. आजही त्याची मला खंत वाटते. म्हणून काचेवर पातळीची खूण करा आणि रोज त्या खुणेपर्यंत गोडं पाणी घाला. मिठाचं पाणी फक्त बदलताना, तेही वेगळ्या बादलीत काही तास ढवळून, टाकीच्या तापमानाला आणून.

यानंतर वाट बघायची. माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया तयार होतो, आणि तो पचवणारे जिवाणू आधी वाढायला हवेत. म्हणून नव्या टाकीत अमोनियाचा एखादा स्रोत घालायचा, कोळंबीचा तुकडाही चालतो, आणि चार ते सहा आठवडे मासा आणायचा नाही. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.१ ते ८.३ असतो, आणि अशा पाण्यात अमोनियाचा विषारी हिस्सा साध्या पाण्यापेक्षा जास्त असतो. म्हणून इथे घाई जिवावर बेतते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, तरच पुढे. मधल्या काळात सगळ्यावर तपकिरी भुकटीसारखा थर येईल. ते डायाटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, बहुतेकदा आपोआप जातात. ते घालवायला औषधं घेऊ नका.

प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), जंतू मारणारा यूव्ही दिवा, खालची दुसरी टाकी, महाग प्रकाश: पाणी नेमानं बदललंत तर लहान टाकीत यातलं काही लागत नाही. हीटर आणि एक पाणी फिरवणारा पंप मात्र हवा. तापमान २५-२६ अंश ठेवा आणि तापमापक वेगळा लावा, हीटरच्या आकड्यावर विसंबू नका. विजेच्या तारा प्लगपर्यंत नेताना मध्ये खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल.

मघाशी एका ताईंनी विचारलं, किती मासे? ५० लिटरला दोन. टाकीत जन्मलेल्या क्लाउनफिशची एक जोडी घ्या. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा ते तगतात, आणि नीट सांभाळले तर दहा वर्षांहून जास्त जगतात. मँडरिन मासा रंगांनी वेड लावतो, पण तो खडकावरचे सूक्ष्म जीव वेचून खातो. लहान, नव्या टाकीत तो उपाशी मरतो. कृपा करून तो घेऊ नका.

प्रवाळात सोपे म्हणून झोअँथिड सुचवले जातात. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. त्यांना हात लावताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि त्यांचा खडक कधीही उकळू नका. वाफेनं माणसं रुग्णालयात गेली आहेत. घरात लहान मूल असेल तर ते आणूच नका.

मासा आणाल त्या दिवशी दिवा बंद ठेवा. पिशवीतलं पाणी त्याच्यासकट स्वच्छ भांड्यात ओता, बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीचं पाणी थेंबथेंब त्यात सोडा, आणि क्षारता जुळली की मासा जाळीनं उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. पहिला दिवस तो खडकामागे दडेल. खायला घालू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खडकाच्या कडेशी येऊन तुमच्याकडे बघेल, तेव्हा चिमूटभर खाणं घाला.