लेट मार्क लागतो, शिवीची नोंद होत नाही

सकाळचे साडेनऊ, लोअर परळ. जिथे गिरणीचा भोंगा वाजायचा तिथे आता काचेचे टॉवर उभे आहेत आणि लिफ्टबाहेर पंचिंग मशीनला रांग लागलीय. करी रोडला उतरणाऱ्यांची गाडी लेट झाली तर मशीनला काय कळणार, लेट मार्क पडतो, आणि बऱ्याच ऑफिसांत तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार जातो. रात्री नऊपर्यंत थांबलेलं मात्र कुठेच चढत नाही.

मग माणूस काय करतो, बोलत तर नाही कारण घराचा हप्ता डोक्यावर आहे. चहाला म्हणून खाली जातो तो पाऊण तासाने वर येतो, मेल बघूनही न बघितल्यासारखं करतो, सोमवारी दांडी मारतो. काही जण त्याच्याही पुढे जातात, टॅक्सीची खोटी बिलं लावतात, गोडाऊनमधल्या मालावर हात मारतात. हे चूकच आहे, त्यात दुमत नाही, आणि त्याचा भार मालकाच्या आधी शेजारी बसलेल्या सहकाऱ्यावर पडतो, कारण राहिलेलं काम त्यालाच उपसावं लागतं.

1995 मध्ये सँड्रा रॉबिन्सन आणि रेबेका बेनेट या दोन अभ्यासकांनी अशा वागण्याचे चार गट पाडले. कामात ढिलाई, मालमत्तेचं नुकसान किंवा चोरी, ऑफिसातलं राजकारण म्हणजे चुगल्या, वशिला, दुसऱ्यावर ढकलणं, आणि चौथा गट थेट माणसावर हल्ला, शिवीगाळ, लैंगिक छळ. आता बघा, पहिले दोन मशीन आणि सीसीटीव्ही पकडतात. पुढचे दोन कोण पकडणार, ते तर बऱ्याचदा केबिनमधूनच येतात!

मुंबईला हे नवीन नाही. गिरणगावात जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, नोकरी द्यायचा आणि त्यासाठी दस्तुरी म्हणजे आपला वाटा घ्यायचा, गैरहजर माणसाच्या जागी घेतल्या जाणाऱ्या बदली कामगाराला तर रोज सकाळी गेटवर त्याच्याच तोंडाकडे बघत उभं राहावं लागायचं. दंड कापला जायचा तो कामगाराचा.

अमेरिकेतला एक अभ्यास इथे सांगायलाच हवा. जेराल्ड ग्रीनबर्गने तो 1990 मध्ये छापला. एकाच कंपनीचे कारखाने, त्यातल्या दोन ठिकाणी 10 आठवड्यांसाठी पगार 15 टक्के कापला. एका ठिकाणी दीड तास बसून कारण समजावलं, आकडे दाखवले, दिलगिरी व्यक्त केली. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत उरकलं. कपात तेवढीच होती, पण चोरी जास्त वाढली ती दुसऱ्या ठिकाणी, आणि पगार पूर्ववत झाल्यावर ती खाली आली. म्हणजे नुसत्या पैशाचा प्रश्न नव्हता, माणसाला कसं वागवलं त्याचा होता.

आपल्याकडे 1946 च्या स्टँडिंग ऑर्डर्सच्या, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांच्या, कायद्याखाली गैरवर्तणुकीची नमुना यादी आली. चोरी, लाच, हुकूम न मानणं, वारंवार उशिरा येणं, रजा न घेता सलग 10 दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहणं. यादी कामगारासाठी, मॅनेजर कामगाराच्या व्याख्येत बसतच नाही. लैंगिक छळापुरता 2013 चा कायदा साहेबालाही लागू होतो, 10 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, पण रोजच्या चारचौघांतल्या अपमानाचं काय?

म्हणून हातात चार्जशीट, म्हणजे कंपनीचं आरोपपत्र, पडली तर घाबरून सही करून मोकळं होऊ नका. उत्तर लेखी द्या, आणि चार्जशीटच्या आधी तुम्हाला कोण, कधी, कुणासमोर काय बोललं ते तारखेसकट त्यात लिहा. चौकशीत कंपनीच्या साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता येतात, ते विचारा.