एचच्या डोक्यावर काय आहे?

(दृश्य : आयर्विन पूल, खाली कृष्णा)

पावसाळ्यात सांगलीकर एकाच आकड्याची चौकशी करतात: आयर्विन पुलाजवळ पाणी किती? 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. समीकरणात या पातळीला ‘एच’ म्हणू. एचवर आडवी रेघ दिली की सरासरी पातळी, टोपी घातली की अंदाजित पातळी, टिंब दिलं की पाणी चढण्याचा वेग. अक्षर एकच, राशी चार.

(दृश्य : विश्रामबाग. डीटीपीच्या दुकानात स्क्रीनवर प्रोजेक्ट रिपोर्ट)

पुष्कळदा ही रेघ ‘शेप्स’मधून ओढून अक्षरावर ठेवली जाते. वर दोन ओळी वाढल्या की अक्षर खाली सरकतं, रेघ मात्र मागेच राहू शकते. त्यापेक्षा वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकदम दाबा. उघडलेल्या चौकटीत एच, लगेच बॅकस्लॅश हॅट, मग दोनदा स्पेस. पहिल्या स्पेसला टोपी उमटते, दुसऱ्या स्पेसला ती एचवर बसते. रेघेला बार, टिंबाला डॉट. लाटेकमध्ये (आज्ञा टाइप करून गणिताचा मजकूर जुळवण्याची प्रणाली) क्रम उलटा: आधी बॅकस्लॅश हॅट, मग महिरपी कंसात एच.

हा कंस कुठे मिटतो, ते फार महत्त्वाचं. तीन दिवसांच्या पातळ्या धरा: 38, 40, 42. सरासरी 40, तिचा वर्ग 1600. पण आधी वर्ग करून मग सरासरी काढली तर येते 1602.67. या दोन आकड्यांतला 2.67 चा फरक म्हणजेच व्हेरिअन्स, पातळ्या सरासरीभोवती किती विखुरल्यात याचं माप. पहिल्या राशीत रेघ फक्त एचवर हवी आणि 2 चा घात कंसाबाहेर. दुसरीत रेघ घातासकट सगळ्यावर हवी. तिथे बार आखूड पडतो, ओव्हरलाइन वापरा. दोन्हीकडे सारखीच रेघ पडली तर कागदावर व्हेरिअन्स शून्य!

पायाशी लिहायचा अंकही कंसाबाहेरच ठेवा. आत घेतलात तर टोपी एच आणि अंक यांच्या मिळून मध्यावर जाते, म्हणजे उजवीकडे घसरते.

(दृश्य : एकक सदिशांचं पान)

एकक सदिश, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या एक लांबीच्या राशी, आय, जे, के यांवर टोपी घालून लिहितात. पण आय आणि जे यांना स्वतःचंच टिंब असतं, त्यावर टोपी आदळते. मराठी जुळणीत ही दाटी ओळखीची आहे. ‘वर्षीं’ लिहिताना वेलांटी, रफार, अनुस्वार एकाच डोक्यावर येतात. इथे उपाय सोपा: बिनटिंबाची अक्षरं घ्या, आयमॅथ आणि जेमॅथ. के आहे तसाच चालतो.

लांब राशीसाठी लाटेकमध्ये वाइडहॅट आहे, पण नेहमीच्या फॉन्टमध्ये ती साधारण तीन अक्षरांपलीकडे ताणत नाही.

झेरॉक्स काढल्यावर टिंबांची पानं पुन्हा बघा. पुसट प्रतीत आधी टिंब उडतं, आणि पाणी चढण्याचा वेग नुसती पातळी होऊन बसतो.