मीटर निवांत का आहे?

गुहागरकडची ही पडवी. मीटरवरचा लाल दिवा बघा, लुकलुकतोय पण अगदी निवांत. पूर्वी या घरात ६० वॅटचे पाच पिवळे बल्ब होते, रोज पाच तास धरले तर महिन्याला ४५ युनिट नुसत्या उजेडाचे, आता ९ वॅटचे एलईडी आहेत तर तेवढ्याच वेळाचे सातसुद्धा होत नाहीत. २०१५ ला उजाला योजना आली आणि देशभर असे ३६ कोटींच्या वर बल्ब वाटले गेले. एका घराची बचत म्हणजे चिल्लर हो, पण दिवेलागणीला सगळीकडे एकदम बटणं दाबली जातात ना, तेव्हाचा लोड उतरला.

आता शेजारचं घर. इथलं बिल तर अजून कमी, कारण कुलूप आहे, मंडळी मुंबईला. पहिल्या घरातल्या काकू म्हणतात, "गणपतीत या, मग बघा कसा पळतो तो मीटर!" कागदावर दोन्ही घरांचे युनिट घटलेलेच दिसणार. त्यामुळे वापर कमी झाला म्हणजे देशाचं विजेचं भागलं असं कोणी सांगितलं तर आधी विचारायचं, दिवा बदलला की माणसं गेली?

पलीकडे अंजनवेलला तो गॅसवरचा वीजप्रकल्प, लोक अजून पहिल्या अमेरिकन कंपनीच्या नावाने एन्रॉनच म्हणतात. १९९९ ला सुरू, २००१ ला बंद, मग नवीन कंपनी. क्षमता १९०० मेगावॅटच्या वर, पण २०१३ च्या सुमारास देशातला गॅस मिळेनासा झाला आणि मशिनं थंड. शेजारी एलएनजी टर्मिनल (जहाजाने आलेला द्रवरूप गॅस उतरवायचा धक्का) झालं खरं, पण ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, अपुरा, त्यामुळे कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाजच लागायचं नाही. (आपला पाऊस, दुसरं काय.)

आणि काकूंचं स्वयंपाकघर? मागच्या दारी चूल आहे, पण ती फक्त बंबाच्या पाण्यापुरती, बाकी सगळं सिलेंडरवर. एलपीजी आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, त्यातला बराचसा आखातातून, होर्मुझच्या चिंचोळ्या समुद्रवाटेने. हे काही लाईटबिलात दिसत नाही. चुलीकडे परत जा असं मी म्हणणार नाही, त्या धुरात आमच्या आजीचे डोळे गेले.

ओट्याच्या कोपऱ्यात फडक्याखाली इंडक्शन आहे. सिलेंडरचा नंबर लांबला की काकू फडकं काढतात, भाताचा कुकर त्यावर चढतो आणि पडवीतला लाल दिवा एकदम भराभर लुकलुकायला लागतो.