काळीज आणि कलेजी

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे उभं राहिलं, की हमखास कानावर पडतं, "दादा, अर्धा किलो द्या, आणि त्यात थोडी कलेजी टाका." आमची आजी मात्र काळीजच म्हणायची. "काळीज रश्श्यात टाकू नकोस. तव्यावर वेगळं परत, मीठ शेवटी." जास्त शिजलं की ते चिवट होतं, म्हणून तिची ही घाई.

कलेजी हिंदीतून आली, काळीज आपलं. पण दोन्ही शब्द एकाच घरचे. संस्कृतात यकृताला 'कालेय' असंही म्हणतात. त्यात 'काल' म्हणजे काळा रंग दिसतो, आणि खाटकाच्या फळीवर पाहिलंत तर हाच अवयव सगळ्यांत गडद, तांबूस काळा. मराठीनं 'ल'चा 'ळ' केला, जसं फलाचं फळ झालं. 'य'चा 'ज' केला, जसे यादवांचे जाधव झाले. असं हे काळीज घडलं.

अशीच दुसरी जोडी यकृत आणि जिगर यांची. जिगर फारसीतून आलं. तिकडेही अर्थ यकृतच, आणि दोन्ही शब्दांचं मूळही एकच. एक दवाखान्यात राहिलं, दुसरं कुस्तीच्या आखाड्यात गेलं आणि जिगरबाज झालं.

पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते काळीजच. दुकानात ते पोटातलं, आणि बोलताना थेट छातीतलं. वाईट बातमी आली की काळजात धस्स होतं. धाडसी माणसाचं काळीज वाघाचं, निर्दय माणूस उलट्या काळजाचा. काळजी हा शब्दही या काळजाशीच जोडतात. परगावी गेलेल्या लेकराचा फोन आला नाही की ती नेमकी कुठे जाणवते, हे कुठल्याही आईला विचारा.

हल्ली जिथे तिथे 'माझं हृदय तुटलं' असं ऐकू येतं. मला ते मनापासून खटकतं. मराठीत काळीज तुटतं, आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्याचं दुःख बघून तुटतं. किती मोठी माया आहे या दोन शब्दांत!

आजी तव्यावरचा पहिला तुकडा माझ्या ताटात टाकायची. पाव्हण्यांना माझी ओळख करून देताना "हा माझ्या काळजाचा तुकडा" म्हणायची तीही तीच.

नमस्कार.