कोणी काय केलं, हे कोणाला दिसलं?

मित्रहो, १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपला प्रबंध सादर केला. स्वादुपिंडात ठिकठिकाणी विखुरलेल्या पेशींच्या छोट्या पुंजक्यांचं वर्णन त्यात होतं. हे पुंजके काय काम करतात ते आपल्याला माहीत नाही, हेही त्यांनी सरळ लिहून टाकलं होतं. १८८८ मध्ये ते वारले. त्या पुंजक्यांना त्यांचं नाव मिळालं १८९३ मध्ये, फ्रेंच संशोधक लागेस यांच्यामुळे. आज मधुमेहाचा पहिला धडा शिकताना आपण लँगरहान्स हे नाव घेतो, पण ते ऐकायला लँगरहान्स नव्हते.

वैद्यकाच्या इतिहासात विद्यार्थ्यांची कामगिरी जागोजागी दिसते. माणसाच्या गळ्यातल्या पॅराथायरॉइड या छोट्या ग्रंथींचं वर्णन १८८० मध्ये प्रसिद्ध करणारे इव्हार सँडस्ट्रॉम स्वीडनमध्ये उप्सालाला वैद्यकाचे विद्यार्थी होते. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या हेपारिनकडे नेणारे प्रयोग १९१६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन यांनी केले, तेही वैद्यकाचे विद्यार्थी. आणि १९२१ मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग यांच्यासोबत इन्शुलिनचे प्रयोग करणारे चार्ल्स बेस्ट नुकते पदवी घेऊन बाहेर पडलेले. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लाउड यांना जाहीर झालं, बेस्ट यांचं नाव त्यात नव्हतं. बँटिंगनी आपल्या वाट्याची अर्धी रक्कम बेस्टना दिली.

या शेवटच्या गोष्टीपाशी मी जरा थांबतो. निवड करणारी समिती दूर, दुसऱ्या देशात बसलेली होती. तिच्यासमोर कागद होते. बँटिंग मात्र त्या उन्हाळ्यात बेस्टच्या शेजारी उभे होते. रक्तातली साखर कोण मोजत होतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. म्हणून त्यांना काय करायचं ते कळलं.

आजच्या विषयात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत: विद्यार्थ्यांचा गौरव आणि विभागातलं सामूहिक जीवन. कार्यक्रमपत्रिकेत या दोन गोष्टी नेहमी वेगळ्या असतात. गौरव म्हणजे वर्षातून एकदा होणारा समारंभ, आणि सामूहिक जीवन म्हणजे सहल, स्नेहसंमेलन, क्रिकेटचा सामना. मला त्या एकच वाटतात. एखाद्याच्या कामाची दखल तोच घेऊ शकतो, ज्याला ते काम होताना दिसलं. आणि काम दिसतं ते एकत्र वावरण्यातून. ज्या विभागात माणसं एकमेकांना दिसत नाहीत, तिथे पुरस्कार कितीही वाढवले तरी ते गुणपत्रिकेच्या पुढे जात नाहीत.

प्रयोगशाळेतलं बरंचसं काम न दिसणारं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. शोधनिबंधात एक वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे विशिष्ट प्रथिन ओळखण्याच्या चाचणीचं चित्र, छापला जातो. त्याच्यामागे अँटिबॉडीचं योग्य प्रमाण शोधण्यात गेलेले आठवडे असतात. पेशींना बुरशी लागली म्हणून सगळ्या फ्लास्क फेकून देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलेली असते. वजा ८० अंशांचा फ्रीझर रात्री बंद पडला, अलार्म वाजला, आणि कोणीतरी धावत येऊन सगळ्यांचे नमुने दुसऱ्या फ्रीझरमध्ये हलवले, म्हणून बाकीच्यांचे प्रबंध वाचले. नव्यानं आलेल्या मुलीला पिपेट, म्हणजे द्रव मोजून घेण्याची नळी, कसं धरायचं हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं आपला प्रयोग बाजूला ठेवून शिकवलं. एखाद्यानं वर्षभर राबून दाखवून दिलं की हा रस्ता पुढे जात नाही, आणि त्यामुळे मागून येणाऱ्या चौघांचं एकेक वर्ष वाचलं. यातलं काहीही गुणपत्रिकेवर येत नाही. गाइडलाही यातलं निम्मंच ठाऊक असतं, कारण तो अनुदानाचे अर्ज लिहिण्यात बुडालेला असतो. शेजारच्या बाकावर बसणाऱ्यांना मात्र सगळं ठाऊक असतं.

आता एक चांगलं उदाहरण सांगतो. १९०६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या एका घरी शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ आणि त्यांच्यासोबत काम करणारा वैद्यकाचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक हृदयाचे सूक्ष्म काप तपासत होते. एके दिवशी कीथ पती-पत्नी सायकलवरून फिरायला गेले. परत आले तर फ्लॅक त्यांची वाटच पाहत होते. मोल नावाच्या, जमिनीखाली बिळं करून राहणाऱ्या छोट्या प्राण्याच्या हृदयात, उजव्या कर्णिकेत म्हणजे वरच्या उजव्या कप्प्यात, त्यांना एक निराळीच रचना दिसली होती. हृदयाचे ठोके जिथून सुरू होतात तो सायनोएट्रियल नोड तो हाच. १९०७ चा शोधनिबंध दोघांच्या नावानं आला, आणि त्या रचनेला कीथ-फ्लॅक नोड असं म्हटलं जाऊ लागलं. हे कीथ यांना सहज जमलं असं मला वाटतं, कारण दोघं एकाच घरात, एकाच सूक्ष्मदर्शकाभोवती काम करत होते. विद्यार्थ्यानं काय पाहिलं आणि आपण त्यात काय भर घातली, याबद्दल कोणाच्या मनात संशय राहायला जागाच नव्हती.

याच्या उलट, अमेरिकेतलं रटगर्स विद्यापीठ, १९४३. अल्बर्ट शात्झ हे सेल्मन वॅक्समन यांच्याकडे पीएचडी करत होते. तळघरातल्या प्रयोगशाळेत क्षयाच्या जिवंत जंतूंसोबत काम करताना त्यांना स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावर चालणारं प्रतिजैविक सापडलं. १९४४ च्या शोधनिबंधात नावांचा क्रम असा होता: पहिलं शात्झ, दुसरं एलिझाबेथ बूजी, तिसरं वॅक्समन. बूजी त्या वेळी त्याच प्रयोगशाळेत पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. म्हणजे कागदावर सगळं ठीक होतं. पण औषध गाजलं, मुलाखती सुरू झाल्या, आणि सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीतून विद्यार्थ्यांची नावं मागे पडत गेली. १९५० मध्ये शात्झ न्यायालयात गेले. तडजोड झाली, सहसंशोधक म्हणून त्यांचं स्थान मान्य झालं, रॉयल्टीचा वाटाही मिळाला. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळालं. रटगर्सनं शात्झ यांना आपलं पदक दिलं ते १९९४ मध्ये. बूजींचं नाव आजही फारसं कोणाला माहीत नाही.

लेखकयादीत नाव घातलं की आपलं काम संपलं, असं मानणाऱ्या गाइडांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. नाव छापण्याइतकंच ते प्रत्येक भाषणात, प्रत्येक स्लाइडवर, पाहुण्यांसमोर पुन्हा पुन्हा घेणं महत्त्वाचं असतं. ‘आम्ही असं दाखवलं’ म्हणण्याऐवजी ‘आमच्या प्रयोगशाळेतल्या अमुकनं असं दाखवलं’ म्हणायला दोन सेकंद जास्त लागतात. समोर मागच्या रांगेत बसलेल्या त्या विद्यार्थ्याला ते पुढची कित्येक वर्षं पुरतं.

माणसं एकमेकांना दिसावीत म्हणून काय करता येतं? केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेची नवी इमारत १९६२ मध्ये सुरू झाली. तिचे प्रमुख मॅक्स पेरुट्झ यांनी तिथे कँटीनला फार महत्त्व दिलं. ते कँटीन त्यांच्या पत्नी गिझेला यांनी वीसपेक्षा जास्त वर्षं सांभाळलं. सकाळची कॉफी, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा, सगळ्यांनी तिथे यायचं. उपकरणं कोणा एका गटाच्या मालकीची नव्हती, त्यामुळे दुसऱ्या गटाच्या लोकांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नसे. त्या प्रयोगशाळेची नोबेल पारितोषिकं सगळे मोजतात. मला तिथल्या दैनंदिन रचनेचं जास्त अप्रूप वाटतं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आणि नोबेलविजेता एकाच टेबलावर बसत असतील, तर कोण कशात अडकलाय हे दोघांनाही समजतं.

आपल्याकडे पैसा नाही, जागा नाही, असं नेहमी ऐकू येतं. इमारत बांधायला पैसा लागतो, हे खरं. आठवड्यातून एकदा सगळ्या गटांनी एकत्र बसायला एक खोली आणि ठरलेली वेळ पुरते. तिथे जर्नल क्लब, म्हणजे नव्या शोधनिबंधांवरची चर्चा, जरूर व्हावा. पण महिन्यातली एक बैठक फसलेल्या प्रयोगांसाठी ठेवा, आणि तिची सुरुवात प्राध्यापकांनी आपल्या फसलेल्या प्रयोगानं करावी. विद्यार्थ्यांनी आधी बोलायचं आणि वरिष्ठांनी फक्त ऐकायचं, असं झालं तर दुसऱ्या बैठकीला कोणी तोंड उघडणार नाही. तंत्रज्ञ, काचसामान धुणारे, प्राणिगृह सांभाळणारे यांनाही त्या खोलीत खुर्ची हवी. कुठला विद्यार्थी रविवारीही उंदरांना पाणी आहे ना हे बघायला येतो, हे प्राणिगृहातल्या माणसाइतकं कोणाला माहीत असणार?

हे मी हौस म्हणून सांगत नाही. २०१८ मध्ये नेचर बायोटेक्नॉलॉजी या नियतकालिकात २६ देशांतल्या २,२७९ पदव्युत्तर आणि पीएचडी विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ४१ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंतेची आणि ३९ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणं आढळली. ही पाहणी स्वेच्छेनं उत्तर देणाऱ्यांची आहे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे सगळ्यांना लावता येणार नाहीत. पण त्याच पाहणीत असंही दिसलं की ज्यांना ही लक्षणं होती, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मार्गदर्शकाकडून खरा आधार मिळत नव्हता. दिवसाचे बारा तास एकट्यानं काम करायचं, ते फसत राहायचं, आणि ते कोणाच्या लक्षातही यायचं नाही, हे फार जड असतं.

पुरस्कारांबद्दल थोडं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग पुष्कळांना माहीत असेल. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना आधीच सांगितलं की काढलीत तर प्रमाणपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं कमी चित्रं काढू लागली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं, त्यांच्यात असं झालं नाही. लहान मुलांवरून मोठ्यांबद्दल घाईनं निष्कर्ष काढू नये. तरी सगळा वर्ग ज्यांच्यावर डोळा ठेवून धावतो अशा सुवर्णपदकांपेक्षा, एखाद्याच्या ध्यानीमनी नसताना ‘तू हे केलंस, आम्ही पाहिलं’ असं सांगणारी दखल मला जास्त मोलाची वाटते. दुसरं असं की एक बक्षीस मिळालेल्यालाच पुढची शिष्यवृत्ती, पुढची परिषद, पुढचं शिफारसपत्र मिळत जातं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानातल्या या प्रवृत्तीला मॅथ्यू इफेक्ट असं नाव दिलं. पुढे त्यांनी मान्य केलं की त्या लेखात समाजशास्त्रज्ञ हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या मुलाखतींचा इतका वापर झाला होता की लेखावर त्यांचंही नाव असायला हवं होतं.

म्हणून पुरस्काराचं कारण लिहा, आणि नेमकं लिहा. ‘उत्कृष्ट कामगिरीबद्दल’ असं छापलेलं प्रमाणपत्र कोणालाही देता येतं. ‘सामायिक पेशीसंग्रहाची तपासणी करून चुकीची लेबलं शोधून काढल्याबद्दल’ हे एकाच व्यक्तीला देता येतं. शोधनिबंधांसाठी क्रेडिट नावाची एक पद्धत आता बरीच रूढ झाली आहे. तिच्यात योगदानाचे १४ प्रकार आहेत. कल्पना कोणाची, आकडेमोड कोणाची, प्रयोग कोणी केले, माहिती कोणी जपून ठेवली, हे वेगवेगळं नोंदवता येतं. विभागाच्या पुरस्कारांसाठी ती वापरायला काहीच हरकत नाही, फक्त शिकवणं आणि सांभाळून घेणं हे दोन प्रकार त्यात आपण घालावेत. निवडसमितीत विद्यार्थी आणि तंत्रज्ञ असावेत. नामनिर्देशन शेजारच्या बाकावरून यावं.

शरीररचनाशास्त्राच्या वर्गात देहदान केलेल्यांना कृतज्ञता वाहण्याचा कार्यक्रम जगभरात अनेक ठिकाणी होतो. त्याची आखणी विद्यार्थीच करतात, आणि दात्यांच्या नातेवाइकांनाही बोलावतात. ज्याची दखल घ्यायची ती व्यक्ती समोर नाही, तिच्याकडून काही मिळायचंही उरलेलं नाही, तरी विद्यार्थी उभे राहून बोलतात. विभागानं वर्षभरात जे काही सोहळे करायचे, त्यांत मी हा पहिला ठेवीन.

आणि सोडून गेलेल्यांबद्दल. कोणी आजारपणानं, कोणी घरच्या अडचणीनं, कोणी गाइडशी पटलं नाही म्हणून पीएचडी अर्धवट सोडतं. त्यांनी तयार केलेले प्लास्मिड, म्हणजे डीएनएचे छोटे गोल रेणू, फ्रीझरमध्ये राहतात, त्यांनी बसवलेला प्रोटोकॉल, म्हणजे प्रयोगाची पद्धत, पुढची दहा वर्षं चालतो, डबीवर त्यांची आद्याक्षरं असतात. नव्या मुलांना ती कोणाची हे माहीत नसतं. गाइडांना मी सांगेन की अशा माणसाच्या कामावर उभा असलेला पेपर पाठवण्याआधी लेखकयादीत त्याचा विचार झाला का ते तपासा, त्याला पत्र लिहून विचारा, आणि पेपर छापून आला की प्रत पाठवा. पत्ता कार्यालयात असतो.