वाटेत सगळ्यांनी वाचलेलं पत्र

नमस्कार श्रोतेहो.

"सांगलीहून व्हिएन्नाला कशाला गेला होता?" हा प्रश्न मला अजून विचारला जातो. गाणं ऐकायला, म्हटलं की समोरचा माणूस आधी गप्प होतो आणि मग माझ्या घरच्यांविषयी वाईट वाटल्यासारखा चेहरा करतो. त्याचंही खरं आहे. इथून हाकेच्या अंतरावर मिरजेला दर्ग्यात दरवर्षी उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा होते. मोठमोठे गवई येऊन गातात, तिकीट नाही, रात्रभर बसा. ज्या गावच्या तंबोऱ्यांवर देशभरचे गवई सूर लावतात, त्या गावच्या शेजारणीनं गाण्यासाठी विमानात बसावं म्हणजे जरा जास्तच झालं.

पण श्रोतेहो, आवड ही आवड असते. कोल्डप्ले नावाचा इंग्लंडचा चौघांचा बँड आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकताना ही मुलं एकत्र आली. ख्रिस मार्टिन गातो, जॉनी बकलंड गिटारवर, गाय बेरीमन बेसवर आणि विल चॅम्पियन ड्रमवर. त्यांचं 'यलो' हे गाणं 2000 साली आलं तेव्हा मी विलिंग्डन कॉलेजला होते. कुणीतरी पुण्याहून कॅसेट भरून आणली होती. ती एका मैत्रिणीकडून दुसरीकडे जाता जाता इतकी घासली, की आमच्या लेखी त्या गाण्यात मधेच खरखर असणं हाच मूळ बाज होता. पुढं नोकरी लागली, संसार झाला, आणि एक दिवस भाची म्हणाली, "आत्या, ऑगस्टमध्ये ते व्हिएन्नात चार रात्री गाणार आहेत. येतेस का?" ती शिकायला जर्मनीत असते. मी हो म्हणून बसले.

व्हिसाचं पुराण थोडक्यात सांगते. 2024 च्या जूनमध्ये युरोपच्या शेंगेन व्हिसाची फी 80 युरोवरून 90 युरो झाली होती. त्यावर किमान 30 हजार युरोचा प्रवासविमा, बँकेचे उतारे, आयकराची कागदपत्रं, रजा मंजूर असल्याचं पत्र. आम्ही बँकेतली माणसं इतरांना उतारे देतो. स्वतःचा उतारा दुसऱ्याच्या टेबलावर ठेवताना कसं वाटतं ते तेव्हा कळलं. रजेच्या अर्जात मी कारण 'खासगी' लिहिलं. साहेबांनी विचारलं, "लग्न आहे का कुणाचं?" मी म्हटलं, "तसंच काहीसं."

आता खरी गोष्ट. भाची टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेची भक्त. त्याच स्टेडियमवर, म्हणजे व्हिएन्नाच्या अर्न्स्ट हॅपल स्टेडियमवर, 8, 9 आणि 10 ऑगस्टला टेलर स्विफ्टचे तीन कार्यक्रम होते. तिचं तिकीट 9 तारखेचं. पोरगी हौसेनं आधीच जाऊन राहिली. आणि 7 तारखेच्या रात्री बातमी आली, घातपाताचा कट उघडकीला आलाय, तिन्ही कार्यक्रम रद्द. जगभरातून आलेली हजारो पोरं त्या शहरात अडकून पडली, हातात तिकीट आणि मनगटावर एकमेकींना द्यायला केलेल्या मण्यांच्या माळा. मग ती गेली कुठं? व्हिएन्नात कॉर्नेलिउसगासे नावाची एक गल्ली आहे. टेलर स्विफ्टच्या एका गाण्यात त्याच नावाशी जुळणारा एक रस्ता आहे, एवढाच संबंध. पण तेवढ्यावर पोरं तिथं जमली, झाडाला माळा बांधल्या आणि रस्त्यावर उभी राहून सगळी गाणी स्वतःच म्हटली.

भाचीनं हे मला फोनवर सांगितलं नाही. फोन केला असता तर रडली असती, असं ती नंतर म्हणाली. तिनं एक चित्राचं पोस्टकार्ड घेतलं, त्यावर बारीक अक्षरात हे सगळं लिहिलं आणि सांगलीच्या पत्त्यावर पेटीत टाकलं.

हे कार्ड व्हिएन्नाहून निघावं हा योग मला फार आवडतो, कारण पोस्टकार्ड जन्मलंच तिथं. इमानुएल हेरमान नावाचे अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक होते. जानेवारी 1869 मध्ये त्यांनी व्हिएन्नाच्या एका वर्तमानपत्रात लिहिलं, की दोन ओळींच्या निरोपासाठी कागद, पाकीट, लाख, शिक्का हा खटाटोप कशाला? त्यापेक्षा उघडं कार्ड काढा आणि कमी दरात पाठवू द्या. जर्मनीत हीच कल्पना 1865 साली निघाली होती आणि मागं पडली होती. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पोस्टखात्यानं मात्र ती उचलली आणि 1 ऑक्टोबर 1869 ला जगातलं पहिलं पोस्टकार्ड विक्रीला आलं. पत्राला पाच क्रॉयझर पडायचे, कार्डाला दोन. पहिल्या तीन महिन्यांत तीस लाखांच्या आसपास कार्डं खपली.

सभ्य लोक मात्र अस्वस्थ झाले. उघडं पत्र? म्हणजे पोस्टमन वाचणार, घरचे नोकरचाकर वाचणार! पोस्टखातंही बिचकलं असावं, कारण पहिल्या कार्डावर त्यांनी सूचना छापली होती, की मजकुराची जबाबदारी खात्यावर नाही. आपल्याकडं 1 जुलै 1879 ला पोस्टकार्ड आलं, पाव आण्याला. आपल्या लोकांना त्याच्या उघडेपणाची लाज वाटल्याचं मला तरी कुठं दिसलं नाही. उलट त्याचा आपण पुरेपूर वापर केला.

माझे आजोबा गणपती पेठेत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. सौदा झाला, की संध्याकाळी कार्डं लिहायला बसायचे. राजापुरी हळद, पोती इतकी, वजन इतकं, भाव अमुक, पट्टी तयार आहे, येऊन रक्कम न्यावी. खाली 'कळावे'. हे कार्ड शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत गावातल्या चावडीवर, पारावर, गिरणीत भाव फुटलेला असायचा. दुसऱ्या दिवशी त्याच गावच्या चार बैलगाड्या सांगलीच्या वाटेला. म्हणजे एका माणसाच्या नावानं टाकलेलं कार्ड सगळ्या गावाचं बाजारपत्रक व्हायचं, तेही एका कार्डाच्या पैशात. आणि ज्या कार्डाला वर 'श्री' नाही, म्हणजे कुणी गेल्याचं, ते आलं, की पोस्टमनचीच पावलं जड पडायची. माणसं वाचून ते तिथंच फाडायची, घरात ठेवायची नाहीत.

आकाशवाणीच्या श्रोत्यांना तर हे मी काय सांगावं! 'आपली आवड'ला जाणारी कार्डं आठवा. पलूसहून, विट्याहून, जतहून, कवठेमहांकाळहून नावंच नावं, शेवटी 'आणि समस्त मित्रमंडळी'. गाणं तीन मिनिटांचं आणि नावं जवळजवळ तेवढीच. गाणं तर काय, सगळ्यांच्या तोंडपाठ असायचं. आपल्याला ते आवडतं हे जिल्ह्याला कळावं, याच्यासाठी कार्ड टाकायचं. कोल्डप्लेच्या गाण्याला जाणारी माणसं याहून वेगळं काही करत नाहीत, फक्त खर्च जास्त करतात.

21 ऑगस्टला, पहिल्या रात्री, आम्ही गेलो. स्टेडियमला जाणाऱ्या मेट्रोचं नाव यू टू. म्हणजे एका बँडच्या गाण्याला दुसऱ्या बँडच्या नावाच्या गाडीनं जायचं. डब्यात चेष्टा सुरू झाली होती, पण जर्मन भाषेतली चेष्टा असल्यामुळं मी नुसती हसत राहिले. स्टेडियमजवळच प्राटरची बाग आणि तिथं 1897 सालचा मोठा पाळणा. आपल्या जत्रेतल्या पाळण्याच्या टोपल्या असतात, तिथं अख्ख्या लाकडी खोल्या टांगलेल्या. त्या पाळण्याच्या चित्राची कार्डं मी घेतली. तिथं पोस्टाची तिकिटं मिळतात ती 'ट्राफिक' नावाच्या टपरीवजा दुकानात, सिगारेट-वर्तमानपत्राच्या जोडीनं. दुकानदारीणबाईंनी इंडिया म्हटल्यावर तिकिटं मोजून दिली आणि निळी चिकटपट्टी दिली, विमानानं जाण्याची. रांगेत उभ्या उभ्या, भाचीच्या पाठीवर कार्ड टेकवून मी लिहिलं. कार्डाचा कागद गुळगुळीत, बॉलपेन घसरायचं. 'सासऱ्यांना' मधला 'ऱ्या' तीनदा गिरवावा लागला.

आत जाताना मनगटावर एक पट्टा देतात. पांढरा, साधा, वनस्पतीपासून केलेल्या प्लास्टिकचा. अंधार पडला, की गाण्याच्या ठेक्यावर सगळ्यांचे पट्टे एकदम पेटतात, लाल, निळे, पिवळे, आणि आपल्या हातात काहीच बटण नसतं. 'यलो' सुरू झालं तेव्हा सगळं स्टेडियम पिवळं झालं. मी आयुष्यभर ते गाणं खरखरीसकट ऐकलं होतं. तिथं खरखर नव्हती, आणि पहिल्या कडव्याला मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग ख्रिस मार्टिननं थांबून मॅगी रॉजर्स या गायिकेला बोलावलं आणि दोघांनी टेलर स्विफ्टचं 'लव्ह स्टोरी' म्हटलं. रद्द झालेल्या कार्यक्रमांच्या श्रोत्यांसाठी. भाची तेव्हा काय करत होती ते सांगायची मला परवानगी नाही.

पट्टे परत द्यायचे असतात. पुढच्या शहरात पुन्हा वापरतात, आणि कुठल्या गावानं किती परत केले याचा हिशेब ते पडद्यावर दाखवतात. आम्ही दिले. मग हातात उरलं काय? फोनमधल्या चित्रफिती, ज्यांत माझाच बेसूर आवाज सगळ्यांत वर आहे. आणि पेटीत पडलेली कार्डं. पिवळी पेटी, तिच्यावर शिंगाचं चित्र. पत्त्याखाली 416415 लिहिताना मला नेहमी श्रीराम भिकाजी वेलणकर आठवतात. पिनकोडची ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली ती त्यांच्या कल्पनेतून, आणि हा पोस्टखात्यातला अधिकारी संस्कृतचा कवी होता. प्राटरच्या पेटीतून निघालेलं कार्ड त्या सहा आकड्यांच्या बोटाला धरून सांगलीच्या विश्रामबागेत येतं.

कार्डं जमवणाऱ्या पुष्कळांशी माझं इथं पटत नाही. ते कोरी कार्डं विकत घेतात आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून वहीत लावतात. मला कोरं कार्ड म्हणजे न शिवलेला ब्लाउजपीस वाटतो. कपाटात आहे, पण अंगाला कधी लागणार नाही. कार्डाला शिक्का बसला पाहिजे, कोपरा दुमडला पाहिजे, कुणाच्या तरी ओल्या बोटाचा डाग पडला पाहिजे. माझ्या वहीत फक्त आलेली कार्डं आहेत. पोर्तुगालच्या एका विद्यार्थ्यानं 2005 साली पोस्टक्रॉसिंग नावाचा उद्योग सुरू केला. आपण अनोळखी माणसाला एक कार्ड पाठवायचं, मग जगातून दुसरा कुणी अनोळखी आपल्याला पाठवतो. त्यात माझी अडचण एकच, सांगलीचं चित्र असलेलं कार्ड विकत मिळत नाही! नाट्यपंढरी म्हणवतो, 1929 सालचा आयर्विन पूल आहे, घाटावरचा गणपती आहे, पण कार्ड म्हणून काही नाही. शेवटी पुलाचा फोटो काढून मीच प्रेसमध्ये छापून घेतली.

व्हिएन्नाची कार्डं आम्ही परत आल्यावर कितीतरी दिवसांनी एकदम आली. पोस्टमनकाका दारात उभे. सगळ्यांत वर भाचीचं ते 9 तारखेचं कार्ड. ते हातात द्यायच्या आधी काका म्हणाले, "ताई, वाचलं बरं का मी. त्या पोरीला मग गाणं ऐकायला मिळालं का न्हाई?"

मी म्हटलं, "मिळालं. दोन आठवड्यांनी. दुसऱ्याच माणसानं म्हटलं."

"बरं झालं," म्हणाले. "दोन दिवस डोक्यात होतं."

युरोपातली पत्रं कमी होत चालली आहेत. डेन्मार्कच्या पोस्टखात्यानं चारशे वर्षांनी, 2025 च्या डिसेंबरअखेर, पत्रं वाटायचं काम सोडून दिलं. आता तिथं ते एक खासगी कंपनी करते. आपल्याकडं अजून पन्नास पैशांत कार्ड मिळतं.

आणि हो, आमची चेष्टा पूर्ण व्हायची होती. आम्ही परत येऊन महिना होतोय न होतोय तोवर जाहीर झालं, की कोल्डप्ले जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईला येणार. सासरे वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "जरा दम धरला असतास तर नेरुळमध्ये भागलं असतं."

आमच्या बँकेतला एक मुलगा गेला, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं. मी त्याला बजावलं होतं, तिथून कार्ड टाकायचं. चित्राचं कार्ड त्याला कुठं मिळालं नाही. त्यानं पोस्टातलं पन्नास पैशांचं घेतलं आणि शाळेत शिकवल्यासारखं लिहिलं: 'सा. न. वि. वि. कार्यक्रम उत्तम झाला. यलो म्हटलं. पट्टा परत दिला नाही, खिशात घालून आणतोय. बँकेत कुणाला सांगू नका.'

पत्ता त्यानं बँकेचा घातला होता.

नमस्कार.